वीणेचा गोंगाट

बसा मंडळी, बसा! पुढं सरका थोडं. मागची पोरं, तुम्ही का हो मागं? मागं बसलं की फोन बघता येतो, होय ना? बघा, खुशाल बघा! पण आज मी तुमच्याच बाजूनं बोलणार आहे. महाराज लोक नेहमी मोबाइलला शिव्या देतात. मी नाही देणार. हा बघा, माझ्याही सदऱ्याला माइक लावलाय. त्याच्यावर जगायचं आणि त्यालाच नावं ठेवायची, हे काय आपल्याला जमायचं नाही. तेव्हा आज तरी पुढं या!

आणि तो पाण्याचा तांब्या फिरवा बरं जरा. मृदंगाच्या महाराजांना द्या आधी. टाळकऱ्यांना द्या. पेटीवाल्यांना द्या. मलाही ठेवा घोटभर. मिळालं सगळ्यांना? नक्की? बरं.

आता एक प्रश्न टाकतो. जपून उत्तर द्या. मंडळी, जे रोज मिळतं, ते दिसेनासं का होतं? जे सारखं वाजतं, ते ऐकू येईनासं का होतं?

पिठाच्या गिरणीत उभे राहून बघा. आपल्याला वाटतं, कानाचे पडदे फाटणार! आणि गिरणीवाला? खुर्चीत बसून डुलक्या घेत असतो. त्याला जाग केव्हा येते? गिरणी बंद पडल्यावर! दचकून उठतो आणि विचारतो, "काय झालं? काय झालं?" अहो, काही झालं नाही. जे चालू होतं, ते थांबलं!

माझीच एक ओबडधोबड ओळ आहे. म्हणा माझ्यामागं—

रोज जे वाजते, ते कानी न पडे।
थांबल्यावर मग जीव तडफडे॥

हं! टाळ जरा हळू. सगळा अर्थ टाळाखाली चेंगरतोय. आता याची गोष्ट ऐका. पुराणातली नाही. देवही यात येणार नाही, आणि राक्षस तर नाहीच नाही. यात एक पोरगा आहे, त्याचे आईबाप आहेत, आणि कानात घालायचं एक एवढंसं यंत्र आहे. पुरे की!

पुरंदरकडं पिंपळटेक म्हणून एक गाव. अंजिराच्या बागा, सीताफळाची झाडं, मधे देऊळ. तिथं दशरथ रासकर नावाचे गृहस्थ. गाव त्यांना अप्पा म्हणायचं. अंजिराची छोटी बाग, आणि देवळातली वीणा. गावच्या सप्ताहात पहिला पहारा अप्पांचा! तुम्हाला ठाऊक आहेच, सप्ताह बसला की वीणा खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. सात दिवस तिनं जमीन बघायची नाही, आणि गप्पही राहायचं नाही. वर्षभरसुद्धा तिची देखभाल अप्पांकडंच. तार तुटली, खुंटी सैल झाली, की वीणा अप्पांच्या घरी. मग पडवीत बसून अप्पा तिला लावत बसायचे. टुंग... टुंग... टुंग...

अप्पांचा मुलगा सुयोग. वय तुमच्या मागच्या पोरांएवढं. सकाळी बागेत बापाबरोबर पाणी धरायचा, मग तालुक्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. आणि संध्याकाळी त्याचा छंद! काय छंद? नवीन यंत्रं वापरून बघायची आणि त्यांच्यावर आपलं मत सांगायचं. त्याचं एक चॅनेल होतं. माजघरातल्या भिंतीला आईची हिरवी साडी टाचायची, फोन डब्यावर उभा करायचा, आणि सुरू!

मत कसं, ऐका. दुमडणारा फोन निघाला. सगळे म्हणाले, वा वा! सुयोग म्हणाला, "आपल्याकडं दुमडायला गोधड्या आहेत. फोन आपला सरळच बरा." किती पावलं चाललात ते सांगणारं घड्याळ आलं. सुयोगनं ते अप्पांच्या मनगटाला बांधून बागेत पाठवलं. संध्याकाळी म्हणाला, "हे घड्याळ चांगलं आहे, पण ते खुर्चीत बसणाऱ्याला. आमच्या अप्पांसोबत ते दुपारीच दमलं!" हाक मारली की ओ देणारा डबा आला. त्यावर म्हणाला, "घरात एवढी माणसं असून कुणी कुणाला ओ देत नाही, म्हणून हा डबा खपतोय."

आहे की नाही पोरगं हुशार? अहो, हे एवढं तर मला कीर्तनात सुचत नाही! पोरगं उथळ नव्हतं हो. आणि प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी त्याचं एक वाक्य ठरलेलं. "मित्रांनो, वस्तू घेण्याआधी विकणाऱ्याला विचारू नका. वापरणाऱ्याला विचारा!"

हे वाक्य गाठीला बांधून ठेवा. पुढं लागणार आहे.

तर झालं काय, अप्पांना ऐकू कमी यायला लागलं. पहिल्यांदा गंमत वाटली सगळ्यांना. सुयोगची आई, यमुनाबाई, चुलीपासून ओरडायच्या, "अहो, डाळ संपलीय!" अप्पा पडवीतून म्हणायचे, "टाळ? टाळ देवळात आहेत की!"

हसलात ना? घरचेही हसले. पण मंडळी, ज्याला ऐकू येत नाही ना, तो सगळ्यांच्या नंतर हसतो. चार माणसं हसताना दिसली, की तोही हसतो. का हसतोय हे त्याला ठाऊक नसतं. अप्पांचं तसं व्हायला लागलं. भजनात चाल बदलली तरी हे जुन्याच चालीत. एकदा देवळातली दोन पोरं एकमेकांना कोपर मारून हसली. अप्पांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवसापासून अप्पा खांबाच्या मागं बसायला लागले. मग देवळात जाणं कमी केलं. म्हणायचे, गुडघा दुखतो.

सुयोगच्या हे बरोबर ध्यानात आलं. तो चांगला कॅमेरा घ्यायला पैसे साठवत होता. स्वप्न होतं हो त्याचं! फोनवरनं किती दिवस करायचं? पण त्यानं कॅमेरा मागं ठेवला आणि बापाला घेऊन पुण्याला गेला. कानाची मशीन घ्यायला! आता सांगा, आजकालची पोरं वाईट असतात का? कोण म्हणतं? हात वर करा! नाही ना? मग उगाच बोलत जाऊ नका.

तिथं मशीन बसवणाऱ्या बाई होत्या. मोठ्या मायाळू. कान तपासले आणि सुयोगला विचारलं, "वडील दिवसभर काय काय ऐकतात? कशाची आवड आहे? त्याप्रमाणं मशीन बसवायची असते."

सुयोग काय म्हणाला असेल? अप्पा शेजारीच बसले होते, त्यांना प्रश्न ऐकू आला नाही. त्यांच्या वतीनं सुयोग म्हणाला, "विशेष काही नाही मॅडम. बोलणं ऐकू आलं की झालं."

विशेष काही नाही!

अहो, जन्मल्यापासून घरात जिचा आवाज, पाळण्यात जिच्या सुरावर झोपला, ती वीणा त्या पोराला आठवली नाही! लबाडी नव्हती हो त्यात. खरंच आठवली नाही. मासळीला विचारा, "घरात काय काय आहे?" ती सगळं सांगेल. पाणी सांगेल का?

बाई म्हणाल्या, "आठवड्यानं परत आणा, ऐकून ऐकून नीट बसवू." सुयोग म्हणाला, "कशाला? फोनवरनं मला करता येतं!" यंत्रातला माणूस ना तो. घरी आला, फोन उघडला. त्यात एक पट्टी होती. वर लिहिलेलं, 'गोंगाट कमी करा.' सुयोगनं विचार केला, अप्पांना गोंगाटाचा त्रास कशाला? पट्टी सरकवली टोकापर्यंत!

मशीन कानात घातली. सुयोग म्हणाला, "अप्पा, ऐकू येतंय?"

अप्पांचे डोळे भरले. "आरं, किती जवळनं बोललास!"

काय आनंद झाला असेल त्या घराला! शेजारचे आले, बोलून बघून गेले. सुयोगनं व्हिडिओ केला. लोकांनी नमस्कार पाठवले, फुलं पाठवली, तीच ती, फोनातली. अप्पा मोठ्या उमेदीनं देवळात गेले. सप्ताह तोंडावर आलेला. वीणा गळ्यात घेतली. डोळे मिटले. तारेवर बोट फिरवलं—

आणि काही नाही.

म्हणजे, 'टुक्' झालं. बोट लागल्याचा आवाज आला, आणि मागचा झंकार? गेला! उठतो उठतो तोच विझला. पुन्हा बोट फिरवलं. टुक्. टुक्. मंडळी, वीणेतनं झंकार काढून टाकला तर उरतं काय? लाकूड आणि भोपळा!

अप्पांनी इकडं तिकडं बघितलं. बाकीच्यांचं बोलणं ऐकू येत होतं. टाळ ऐकू येत होता. चप्पल सरकलेली ऐकू आली. फक्त वीणा नाही. आता तुम्ही म्हणाल, मशीन काढून बघायची की! काढून बघितली. काढली तर सगळंच गेलं. यंत्राचा संशय त्या साध्या माणसाच्या मनाला शिवलाही नाही. त्यांना वाटलं, देवानं सगळं परत दिलं आणि एवढी वीणा तेवढी काढून घेतली. काय चुकलं असेल माझं?

घरी येऊन सांगितलं का? नाही. पोरानं कॅमेऱ्याचं मन मारून आणलंय, त्याला काय सांगायचं? सप्ताहाच्या पंचांना मात्र निरोप दिला, "यंदा पहिला पहारा दुसऱ्या कुणाला द्या."

तो निरोप फिरत फिरत तालुक्याला सुयोगच्या दुकानात पोचला. पंचांपैकी बाजीनाना फोनची काच बदलायला आले होते. म्हणाले, "अप्पांनी वीणा सोडली म्हणं. वय झालं म्हणाले. मशीन आणून पण काय उपयोग झाला न्हाई व्हय रं?"

झालं! पोराचं डोकं तापलं. गावभर व्हिडिओ गेलेला, आणि गावभर हे! तसाच घरी आला. अप्पा पडवीत बसलेले.

"अप्पा, मशीन घालून गेला होतात का देवळात?"

"व्हय."

"मग वीणा का सोडली?"

"नको वाटतं आता."

"नको वाटतं? मी कुणासाठी आणलं हे? तुमच्यासारख्यांना नवीन काही द्यायलाच नको! तुम्हाला बहिरंच राहायचंय. राहा बहिरे!"

मंडळी, जीभ एकदा सुटली की तिला बटण नाही. अप्पा म्हणाले, "हळू बोल बाळा. ऐकू येतं आता. सगळं स्पष्ट ऐकू आलं."

सुयोग आत निघून गेला. आणि यमुनाबाई? दोघांच्या मधे उभ्या, हातात तांदळाचं सूप. कुणाची बाजू घेणार? तांदूळ निवडत बसल्या. ओठातल्या ओठात पुटपुटत, "विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल." त्यांची सवयच ती.

रोज जे वाजते, ते कानी न पडे... म्हणा! म्हणा!

दिवस गेले. बाप-लेक बोलेनात. सप्ताह उद्यावर आला. वीणेची एक तार तुटलेली, म्हणून मंडळींनी वीणा अप्पांच्या घरी आणून दिली. पहारा सोडला तरी तार कोण बसवणार? त्या दिवशी दुपारी अप्पा पडवीत वीणा घेऊन बसले, आणि सुयोग माजघरात हिरवी साडी टाचून व्हिडिओ करायला बसला. कानात घालायची नवीन बोंडं आली होती. गाणी ऐकायची हो! दुकानातनं बघायला आणलेली. सुयोग फोनकडं बघून सांगायला लागला—

"मित्रांनो, आता घरात पंखा चालू आहे. हे कानात घातलं की पंखा बंद! म्हणजे पंखा चालूच असतो, पण आपल्याला ऐकू येत नाही. ही काय जादू आहे? तर यातलं यंत्र ऐकत राहतं. जो आवाज सारखा, एकाच सुरात, न थांबता चालू असतो, त्याला ते गोंगाट समजतं आणि पुसून..."

बोलता बोलता थांबला.

फोनच्या काचेत त्याला स्वतःचं तोंड दिसत होतं. त्याच्या खांद्यामागं उघडं दार. दारातनं पडवी. पडवीत अप्पा. मशीन कानातनं काढून धोतराच्या सोग्यावर ठेवलेली. वीणा उराशी धरलेली, आणि हनुवटी? वीणेच्या दांडीवर दाबून टेकवलेली! एक एक तार छेडत होते, आणि हाडातनं काही येतं का ते बघत होते. डोळ्यांतनं पाणी चाललेलं.

सारखा. एकाच सुरात. न थांबता चालणारा आवाज.

अरे देवा! वीणा!

आता सांगा, वीणा दुसरं काय करते? तिला चाल बदलता येत नाही. तान घेता येत नाही. ती टाळासारखी नाचत नाही, मृदंगासारखी गरजत नाही. सगळे बदलतात, आणि ती एक सूर धरून उभी राहते, म्हणून बाकीच्यांना गाता येतं. तेच तिचं काम! आणि यंत्राला काय वाटलं? गोंगाट! यंत्राचा दोष नाही हो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ज्याला विचारलं होतं, तो म्हणाला होता, "विशेष काही नाही."

सुयोग उठला तो फोन घेऊनच. पुण्याच्या बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "अहो, वडील वीणा वाजवतात? मग मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? पट्टी पूर्ण खाली आणा. आणि संगीताचा भाग आहे ना, तो चालू करा. नंतर एकदा घेऊन या त्यांना." बघा! वापरणाऱ्याला विचारा, वापरणाऱ्याला विचारा, म्हणून सगळ्या जगाला सांगत होता. शेजारी बसलेल्या वापरणाऱ्याला तेवढं विचारलं नाही.

पडवीत गेला, बापापुढं गुडघे टेकले. मशीन उचलून बापाच्या कानात घातली. फोनवरची पट्टी ओढली खाली. मग हात जोडून खुणेनंच म्हणाला, वाजवा.

अप्पांनी बोट फिरवलं.

टुं...ग...

अप्पांचा हात तसाच हवेत राहिला. झंकार निघाला, भोपळ्यात घुमला, पडवीभर फिरला, आणि संपेपर्यंत म्हाताऱ्यानं श्वास सोडला नाही. मग हळूच म्हणाले, "आली! आरं, आली रं माझी माय!"

आणि गंमत ऐका. तिच्याबरोबर सगळंच आलं! अप्पा म्हणायला लागले, "ह्यो पंखा एवढा कण्हतोय व्हय? तेल द्या रं त्याला!" मग एकदम कान टवकारले. "थांबा, थांबा. कोण म्हणतंय?"

आतनं बारीक आवाज येत होता. विठ्ठल विठ्ठल, विठ्ठल विठ्ठल.

"यमुने! तू म्हणतीस व्हय? कधीपासनं?"

यमुनाबाई सूप घेऊन दारात आल्या. "लग्न झाल्यापासनं म्हणते! तुमचे कान चांगले होते तवा तरी कुठं ऐकलंत?"

हसा, हसा! पण पुरुष मंडळी जरा जपून हसा. आता कुणीतरी मला घरी जाताना गाठणार. "महाराज, ती पट्टी कुठं मिळते हो? वर सरकवायची?" अहो, तुम्हाला ती घ्यायची गरज नाही. तुम्ही जन्मतःच बसवून घेतलीय!

सुयोग मात्र हसला नाही. तसाच गुडघ्यावर बसलेला. म्हणाला, "अप्पा, त्या दिवशी मी जे बोललो ना... बहिरे राहा म्हणालो..."

अप्पांनी कानाला हात लावला, मान वाकडी केली. म्हणाले, "काय म्हणलास? न्हाई बाबा ऐकू आलं."

मंडळी, मशीन उत्तम चालत होती! पंखा कण्हलेला ऐकू येत होता. पण काही गोष्टी आईबापाला ऐकू येत नाहीत. ती पट्टी देवानं त्यांच्या काळजात बसवलीय, आणि ती फक्त लेकरासाठी आहे. सुयोगनं बापाच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि लहान पोरासारखा रडला. मला सांगताना भरून येतं हो. थांबा जरा.

विठ्ठल... विठ्ठल...

हं. दुसऱ्या दिवशी सप्ताह बसला. पहिला पहारा कुणाचा? अप्पांचा! ताठ उभे राहिले खांबाच्या पुढं. वीणेला उसंत नाही आणि अप्पांच्या चेहऱ्यावरच्या हसण्याला पण नाही. पहारा संपला. पुढचा माणूस कोण? सुयोग पुढं आला. म्हणाला, "मी उभा राहतो."

आपली रीत तुम्हाला ठाऊक आहे. वीणा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. अप्पांनी वीणा पोराच्या गळ्यात घातली आणि वाकले त्याच्या पायाशी! सुयोग दचकून मागं सरकला. "अप्पा, हे काय? माझ्या पाया पडता?"

"तुझ्या कोण पडतंय? वीणेकऱ्याच्या पडतोय. गप उभा ऱ्हा, आणि बोट थांबवू नको."

तो पोरगा उभा राहिला. कानात काही नाही, खिशात फोन नाही. आणि त्याला जन्मल्यापासून घरात असलेला आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आला. बापाचा आवाज! कारण बापही असाच ना हो? एक सूर धरून उभा. "जेवलास का? पोचलास का? गाडी हळू चालव." रोज तेच, रोज तेच! आपण म्हणतो, काय कटकट! आणि सरकवतो पट्टी.

झाली गोष्ट. सुयोगचं चॅनेल अजून चालू आहे बरं का, आणि मतं तशीच झणझणीत. त्यानं यंत्रं सोडली नाहीत आणि मीही तुम्हाला सोडा म्हणणार नाही. घ्या, नवीन नवीन घ्या! फक्त घरी जाऊन एकदा बघा, तुमच्या घरात सारखं, एकाच सुरात, न थांबता कोण वाजतंय. त्याला काय हवं ते त्यालाच विचारा. त्याच्या वतीनं "विशेष काही नाही" म्हणू नका!

काय? माना हलवताय? कळलं म्हणताय? बघू हं कळलं का. मृदंगमहाराज, हात ठेवा मृदंगावर. टाळ खाली. पेटी थांबवा. लेकरांनो, एक क्षण गप्प. मीही गप्प बसतो.

...

आलं ऐकू?

तिकडं कुठं बघताय? इकडं बघा, माझ्या मागं. हे आपले धोंडीबाबा. मी पहिला शब्द बोललो त्याच्या आधीपासून हे इथं उभे आहेत. मी बोललो, तुम्ही हसलात, मी रडलो, तुम्ही डोळे पुसलेत, आणि या माणसाचं बोट एकदाही थांबलं नाही. वीणेवर सगळं कीर्तन झालं, आणि वीणा कुणी ऐकली? मघाशी पाण्याचा तांब्या सगळ्यांकडं फिरला. "मिळालं सगळ्यांना?" विचारलं, तर सगळे हो म्हणालात!

उठा कुणीतरी. तो तांब्या आणा इकडं. आधी बाबांना पाणी द्या, मग मी विठोबाचं नाव घेतो.